कॅमेरेमास्तरची नायिका

घरोघरी कॅमेरे बसवून देणाऱ्या या गृहस्थाला सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं कधी कुणालाच नाही, पण शिडीवर चढला की खालच्याला धडे दिल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. "साहेब, काम झालं की बसवणाऱ्याचा फोन कॅमेऱ्याच्या ॲपमधून डोळ्यांदेखत काढून घ्यायचा. सख्ख्या भावावरही भरवसा ठेवायचा नाही!" असं बजावून तो आपला फोन गिऱ्हाइकासमोर काढायचा. या एका सवयीवर त्याचं नाव झालं होतं.

आणि एक वेड होतं, सिनेमातल्या एका नायिकेचं. तिचा तो गाजलेला थरारपट, ज्यात एक माथेफिरू चाहता घरातल्या कॅमेऱ्यांतून तिच्यावर पाळत ठेवतो, तो मास्तरने इतक्यांदा पाहिला की थिएटरचा दारवान त्याला नुसतं "आलात?" म्हणायचा. त्या चाहत्याला मास्तर खुर्चीतून शिव्या हासडायचा. "मेल्या, लाज नाही वाटत?" शेजारी बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

त्याच नायिकेच्या घरचं काम मिळालं आणि मास्तरला आभाळ ठेंगणं झालं. ती त्याला दादा म्हणाली, तो तिला ताई. चहा तिने स्वतः आणून दिला. गडी असा पाघळला की चाचणीसाठी जोडलेला आपला फोन काढायचाच विसरला. पहिल्या दिवशी ती खरंच चूक होती, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. बोट लावलं असतं तर मिटलं असतं. त्याने लावलं नाही.

आपण वाईटसाईट काही बघत नाही, अशी तो मनाची समजूत घालायचा. दिवाणखान्यातलाच तर कॅमेरा! ती म्हाताऱ्या आईची नखं कापायची, संवाद विसरून स्वतःवरच चिडायची. एकदा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन खूप रडली. त्या दिवशी मास्तरला जेवण गेलं नाही. स्वतःची शिसारी आली, तरी दुसऱ्या दिवशी फोन हातात होताच.

आणि एका दुपारी घात झाला. बायको स्वयंपाकघरातून आली आणि रोजचाच प्रश्न रोजच्याच ठसक्यात विचारला, "अहो मास्तर, ताट वाढू की झाकू?" ताईचा चेहरा मोठा करून बघायच्या नादात मास्तरचा अंगठा बोलायच्या बटणावर पडला होता. कॅमेऱ्यातून पलीकडे बोलता येतं, ही सोय त्यानेच तिला कौतुकाने दाखवली होती. पडद्यावर नायिका ताडकन उठली. तिने वर पाहिलं, थेट त्याच्याकडे. तिने एकदा आपल्याकडे बघावं म्हणून किती वर्षं जीव टाकला होता! आज तिने बघितलं, तर डोळ्यांत नुसती भीती होती.

तेवढ्यात तिचाच फोन.

"दादा, जरा येता का? कॅमेऱ्यातून कुणी बाई बोलली. ताट वाढू की झाकू, म्हणाली. आई तर थरथरतेय. तुमच्याशिवाय कुणाला बोलावू?"

बायकोला काही न सांगता तो चपला अडकवून निघाला. रस्त्यातच त्याने आपला फोन ॲपमधून काढला. पाय धरावेत, सांगून टाकावं, असं दारापर्यंत मनात होतं. पण तिने दार उघडून "आलात, बरं झालं," म्हटलं आणि त्याने नुसती शिडी मागितली.

"ताई, यंत्रात बिघाड असतो कधीकधी. शेजारचा आवाज घुसतो," असं तोंडाला येईल ते बोलत तो शिडीवर चढला. फोन टेबलावर ठेवला होता. कॅमेऱ्याचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळत होता, तोच फोन वाजला.

"वहिनींचा आहे, दादा. स्पीकरवर लावते, तुमचे हात अडकलेत," ती म्हणाली. मास्तर नको म्हणेपर्यंत तिने लावलासुद्धा.

"अहो मास्तर, न सांगता कुठे उलथलात? ताट वाढू की झाकू?"

मास्तरला खाली बघायचं धाडस होईना. शिडी पाताळात जावी असं त्याला वाटलं. फोनमधून बायको "ऐकताय ना?" म्हणत राहिली.

नायिकेने फोन उचलून तोंडाशी धरला. तिचा आवाज अगदी शांत होता.

"झाकून ठेवा, वहिनी. यांना आज उशीर होईल."