माझी मान आणि सासूबाईंची मान

गेल्या वर्षी आमच्या निर्मळ गावातल्या घरात दोन माना एकदमच धरल्या. माझी ऑफिसातल्या संगणकापुढे, सासूबाईंची मोगरा ओवताना. आमच्याकडे सकाळी ओटीवर प्रत्येक बाईपुढे तिच्या वाट्याच्या कळ्यांचं सूप येतं, आणि ते रिकामं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. मीसुद्धा माझं सूप संपवूनच ऑफिसला जायची.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने दोघींना तपासलं. हाडाला, नसेला काही नाही, वाकून वाकून दुखतंय म्हणाली. मला ताकदीचे व्यायाम दिले: हनुवटी आत ओढून धरायची, रबरी पट्टा ताणायचा. सासूबाईंना ताण देण्याचे: कान खांद्याकडे न्यायचा आणि दहा आकडे मोजायचे. माझं दुखणं जास्त, म्हणून मला काही दिवस ओवायला बसायची बंदी. सासूबाईंना नुसतं, जरा कमी बसा.

मला मेलीला प्रत्येक गोष्टीत चढाओढ लागते. दर रविवारी आम्ही दोघी ओटीवर बसायचो आणि खांदे न हलवता कुणाला मागचं किती दिसतं ते बघायचो. महिन्याभरात मला पार विहीर दिसू लागली. सासूबाईंना सुरुवातीला चिकूचं झाड दिसायचं, पुढे तेही दिसेना. ताण देण्यात काही राम नाही, पट्टाच खरा, असं मी ऑफिसभर सांगत सुटले. घरी टोमणे मारले ते वेगळेच.

"आई, तुम्ही नक्की चुकवत असणार."

"करते गं बाय, रोज करते."

दोन महिन्यांनी त्यांच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, सुई बोटांतून गळायला लागली. तेव्हा मात्र मी घाबरले. स्कूटरवर बसवून त्यांना पुन्हा त्या मुलीकडे नेलं. यांनाही माझेच व्यायाम द्या, असं सांगायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

तिने सासूबाईंना व्यायाम करून दाखवायला लावले. एकूण एक बरोबर, माझ्यापेक्षा नेटके. मग तिने विचारलं, "मावशी, ओवायला किती बसता?"

"पयलं एक सूप असायचं, आता दोन."

"दोन? मी कमी करायला सांगितलं होतं ना!"

"हिची मान दुकते. हिचा वाटा पन मीच घेते."

दोन महिने मी व्यायामांची तुलना करत होते, आणि माझ्या कळ्या कोण ओवतंय हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. पण अजून बाकी होतं. ती मुलगी माझ्याकडे वळली.

"तुम्ही तिसऱ्या आठवड्यात दाखवायला आलात, तेव्हाच तर मी तुम्हाला ओवायची परवानगी दिली होती."

दिली होती. सकाळी तासभर जास्त झोपायला मिळतंय, म्हणून मी ते घरी सांगितलंच नव्हतं.

"असू दे," सासूबाई तिला म्हणाल्या, "ऑपिसला जाते ती."