नाझरसाहेबांना भेटलेले मासे

दत्तोपंत नाझर मला पहिल्यांदा दिसले ते कोरड्या जमिनीवर मासे धरताना. कचेरीच्या मागचं पटांगण, संध्याकाळचे पाच वाजलेले, कोट कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला आणि हातात एक लांब, लवचीक काठी. काठीच्या टोकाचा दोर त्यांच्या डोक्यावरून मागे जाई, हवेत सरळ होई आणि मग पुढे येऊन मातीवर अलगद उतरे. तापी तिथून मैलभर लांब. मी त्याच दिवशी तहसिलीत नक्कलनवीस म्हणून हंगामी जागेवर रुजू झालो होतो. नमस्कार करावा म्हणून मी मागून त्यांच्याजवळ गेलो, तेवढ्यात दोर मागे आला आणि माझी टोपी उडाली. धुळीतल्या टोपीकडे बघत ते गंभीरपणे म्हणाले, "टोपी लागली. माणूस निसटला."

कचेरीतल्या खुर्च्या, दौती, तंबू, कुलपं हे सगळं नाझरांच्या ताब्यात असे, आणि ते सांभाळताना ते फार कडक असत. एका टाकासाठी शिपायाला तीनदा परत पाठवत. पण पाच वाजले की हा गृहस्थ बदलून जाई. तरुणपणी ते एका पुलाच्या इंजिनियरबरोबर छत्री धरायला नदीवर जात. त्या साहेबानं त्यांना ही विद्या शिकवली आणि विलायतेला जाताना चिरलेल्या बांबूची ती काठी दिली. ह्या प्रकारात गळाला गांडूळ लागत नाही की कणकेची गोळी लागत नाही. गळावर पिसांची एक माशी बांधायची आणि ती पाण्यावर खरी माशी बसावी तशी बसवायची. नाझरांच्या पत्र्याच्या डबीत अशा वीस-पंचवीस माशा होत्या. कुणाला मोराचं पीस, कुणाला पोपटाचं. आणि प्रत्येकीच्या कमरेला लोधीपुऱ्यातल्या जरीवाल्याकडून आणलेल्या कलाबतूचा वेढा. हे विलायती माशीला कुठे असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "विलायतेतल्या माशाला चालत असेल. आपला महाशेर बुऱ्हाणपूरचा आहे, पंडत. जरीशिवाय आलेला पाहुणा त्याला पटत नाही."

मला ते पंडत म्हणत, कारण मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसे. शिकवायला सुरुवात त्यांनीच केली आणि कारणही स्पष्ट सांगितलं. माझी जागा कायम करायची की मोडायची हे होळीनंतर दौऱ्यावर येणारे मोठे साहेब ठरवणार होते. ते ह्या प्रकारच्या मासेमारीचे वेडे आहेत अशी खबर होती. "तुझं अक्षर चांगलं आहे, पण चांगलं अक्षर दहा जणांचं असतं," नाझर म्हणाले. "तू त्याच्याबरोबर नदीवर उभा राहिलास की तुझा चेहरा त्याच्या लक्षात राहील." माझ्यामागे आई आणि दोन बहिणी होत्या. मी काठी हातात घेतली.

शिकवण्याची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. माझा कोपर अंगापासून सुटतो म्हणून काखेत पंचांग धरायला लावलं. ते पडलं की पहिल्यापासून सुरुवात. श्रावणाचं पान मी असं तीनदा धुळीत मिळवलं. दोर मागे गेला की तो सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही. मी घाई केली की दोर चाबकासारखा वाजे आणि माशी तुटून कचेरीच्या कौलांवर जाऊन बसे. ते म्हणत, "मागं राम राम घाल. त्याचं उत्तर येऊ दे. मग पुढं चाल. उत्तराची वाट न बघता निघून जातो त्याला माणसंसुद्धा गवसत नाहीत."

पावसाळा सरून पाणी नितळ झालं तसे आम्ही राजघाटाच्या वरच्या अंगाला, काळ्या खडकांमध्ये जाऊ लागलो. परत येताना सिंधीपुऱ्यातले दुकानदार टपलेलेच असत. "नाझरसाहब, आज कितने मिले?" नाझर थांबून नीट उत्तर देत. आज दोघे भेटले. एक घाईत होता. दुसरा बराच वेळ बोलत होता, मग म्हणाला, येतो. लोक हसत. मीही हसे, पण आतून खचत होतो. मासा येई, दोर ताणला जाई, मनगटाला झटका बसे आणि पुढच्या क्षणी सगळं सैल. सहा महिन्यांत माझ्या गळाला एकही मासा लागला नाही. मी मनगटाला दोष दिला, कोपराला दिला, नशिबाला दिला. एकदा रात्रभर विचार करून नाझरांना म्हटलं, की माझ्याकडून हे होणार नाही. ते जरा गोंधळल्यासारखे झाले, इकडेतिकडे बघू लागले आणि म्हणाले, "तुझा दोर सुंदर पडतो रे." एवढंच.

मोठे साहेब आले. दुसऱ्याच दिवशी पहाटे नाझर त्यांना आणि मला घेऊन नदीवर गेले. माझा दोर पाहून साहेबांनी पसंतीनं मान डोलावली, आणि मला आईचा चेहरा आठवला. तासाभरात साहेबांच्या स्वतःच्या माशा खडकांत अडकून संपल्या. मी पुढे होऊन नाझरांची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. नाझरांनी माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, डबी हलू नये म्हणून.

साहेबांना लगेच एक महाशेर लागला. हातभर लांब असेल. दोन श्वासांपुरता त्यानं दोर ओढला आणि सुटला. दुसरा सुटला. तिसरा एवढा मोठा होता की साहेब गुडघाभर पाण्यात उतरले, आणि तोही सुटला. मग त्यांनी माशी हातात घेतली, पिसं बाजूला केली आणि गळाच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक नव्हतं. कानशीनं घासून ते मुगाच्या दाण्यासारखं गोल केलेलं होतं. त्यांनी डबीतल्या सगळ्या माशा एकेक करून पाहिल्या. सगळ्या तशाच.

हे कुणी केलं, असं त्यांनी हिंदुस्थानीत विचारलं. नाझरांनी टोपी सारखी केली. "मैंने किया, हुजूर. मछली घर ले जाऊँ तो घरवाली मुझे घर में नहीं लेती. और घर नहीं ले जाना, तो फिर उसको काँटा क्यों मारना?"

साहेब माझ्याकडे वळले. मला हे माहीत होतं का? हो म्हणालो तर ह्या खोडीत सामील, नाही म्हणालो तर शुद्ध मूर्ख. मला खोटं जमत नाही. मी नाही म्हणालो. किती दिवस ह्या गळानं मासे धरतोस, असं त्यांनी विचारलं. मी सहा महिने म्हणून सांगितलं. साहेबांनी हातातली माशी डबीत परत ठेवली. मग म्हणाले, की जो माणूस दिलेली गोष्ट सहा महिने जशीच्या तशी करत राहतो आणि का म्हणून विचारत नाही, त्याच्याहून चांगला माणूस नक्कलखात्याला मिळणार नाही. आठवड्याभरात जागा कायम झाल्याचा हुकूम आला. ती स्तुती होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी परतताना मी नाझरांच्या पुढे भरभर चालत होतो. घाट चढून वर आल्यावर तेच हळू आवाजात म्हणाले, "सांगायचं रोज ठरवायचो, पंडत. पण तू इतकं मन लावून हरायचास, की माझी हिंमत नाही झाली." मी हसणार नाही असं ठरवलं होतं. दहा पावलांपुरतंच ते टिकलं. पुढच्या रविवारी त्याच माशीला एक महाशेर आला, झटका देऊन गेला, आणि पहिल्यांदाच मी माझ्या मनगटाला काही बोललो नाही.

त्यानंतर बावीस वर्षं आम्ही नदीवर गेलो. गेल्या आश्विनात तीन दिवसांच्या तापानं ते गेले. महिन्याभरानं त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, अर्ज आला. सरकारी कामासाठी त्यांना मृत्यूच्या नोंदीची नक्कल हवी होती. दुसऱ्या कुणाकडे काम द्यावं असं मनात आलं होतं, पण मीच बसलो. मूळ नोंदीत नाव होतं, वय होतं, वस्ती होती, धंदा सरकारी नोकरी, कारण ताप. पाच ओळी. मी त्या इतक्या सावकाश लिहिल्या की शिपाई दोनदा येऊन बघून गेला. नक्कलनविसाला मुळात नसलेला एक शब्दही घालता येत नाही, म्हणून बाकीचं इथे लिहिलं आहे.