कर्तव्यावर असताना

क्षयामुळे मला लष्करातून घरी पाठवलं, तेव्हा माझी नोकरी जेमतेम दोन वर्षांची झाली होती. अकादमीतली आमची बॅच काश्मीर, आसाम अशी पांगलेली. त्यांचे पत्ते सारखे बदलत. माझा तेवढा बदलणार नव्हता. म्हणून ठरलं, की सगळ्यांनी माझ्या गावी, देवळीला, मला लिहायचं आणि मी ते एकत्र करून सर्वांना पाठवायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. रविवारी कार्बन घालून प्रती काढायचो. कुणाचं लग्न, कुणाची बदली. कुणी गेला असेल तर शेवटी एक ओळ: कर्तव्यावर असताना. ती ओळ माझीच.

आमच्या जिल्ह्यातला आणखी एकच जण बॅचमध्ये होता, नालवाडीचा. आईबाप भाजीपाला पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेत. अकादमीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी पळून जायच्या बेतात होतो, तेव्हा रोज संध्याकाळी माझ्याशी आपल्या बोलीत बोलायला येणारा तोच.

नागा टेकड्यांत लढाई पेटली त्या वर्षी तो गेला. घरी एक तार आली, नंतर त्याची ट्रंक. मी भेटायला गेलो तर त्याची आई वाफ्याशी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती.

"मास्तरनं तार वाचून देल्ली," ती म्हणाली. "मेला, एवढंच हाय तिच्यात. कसा मेला ते नाई."

"लढाईत गेला, माय."

"तू होता का तिथं?"

"नाही."

"मंग तुले काय मालूम? तुमच्या पोराइले इचार. कोनी तरी पाह्यलं असन. मले सांगजो."

मी सगळ्यांना लिहिलं. बहुतेकांनी त्याच्या धाडसाबद्दल लिहिलं. शेजारच्या चौकीवर असलेल्या एकाने मात्र खरं कळवलं. पहाटे धुक्यात तो पहारे तपासायला निघाला होता. त्याच्याच जवानाला वाटलं, शत्रू आला. दुपारपर्यंत तो जिवंत होता, पाणी मागत होता. गोळी झाडणारा जवानच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. खाली लिहिलं होतं, त्याच्या घरी सांगू नकोस.

दोन महिने मी नालवाडीला गेलोच नाही. गेलो तेव्हा बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती.

"गोळी लागली, माय. लगेच गेला. त्रास झाला नाही."

"जवळ कोनी होतं?"

"एक जवान होता. त्याने डोकं मांडीवर घेतलं होतं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "लगेच गेला, तं मांडीवर काऊन घेतलं?"

बसची वेळ झाली म्हणत मी उठलो. निघताना पुन्हा येजो म्हणाली नाही.

पुढचं पत्र लिहायला बसलो आणि त्या ओळीशी अडलो. त्याच्या आधी चौघांसाठी मी तीच लिहिली होती. ते कसे गेले हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांच्याही आया असतील. शेवटी याच्यासाठीही तीच ओळ लिहिली आणि पाकिटं पोस्टात टाकली. उत्तरं आली, तुझ्यामुळे आपण सगळे एकमेकांना धरून आहोत. ती वाचताना मला स्वतःची किळस आली. तरी दोन वर्षं पत्र काढत राहिलो. नालवाडीला गेलो नाही. एकदा वर्ध्याच्या बाजारात ती दिसली, तर मी गल्ली बदलली.

मग एका दुपारी त्याचे वडील शाळेत आले. माझ्याशी ते कधीच बोलले नव्हते.

"बुढी गेली," ते म्हणाले. "तुले मालूम हाय नं, पोरगा कसा गेला ते?"

व्हरांड्यात उभ्यानेच मी सगळं सांगितलं. पाणी मागत होता, तेही. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"तिले सांगाले पाह्यजे होतं," म्हणाले आणि बसकडे चालू लागले.

त्यानंतर मी बॅचचं पत्र काढलं नाही. सुरुवातीला दोघातिघांनी विचारलं. मग तेही थांबले.