पिशवीवरचं नाव

दुकानदारांनी पिशवीचे पैसे घ्यावेत, या मताचा मी होतो. बुवापाड्यात आमच्या घरामागचा नाला फुकटच्या पिशव्यांनीच तुंबायचा. आईला मात्र ते पटत नव्हतं. त्यावरून घरी आमचं रोज वाजायचं.

एकदा उल्हासनगरला एका कापडाच्या दुकानात आम्ही चादरी घेतल्या. काउंटरवरच्या शेठने पिशवीचे दहा रुपये वेगळे लावले.

"प्लास्टिक बंद है, आंटी. कपड़े की लेनी पड़ेगी."

आईने ती कापडी पिशवी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर ठळक अक्षरांत दुकानाचं नाव होतं.

"पैसे मी द्यायचे आणि तुमची जाहिरातही मीच मिरवायची?"

तिने दहा रुपये दिले, तिथेच उभ्या उभ्या पिशवी उलटी केली, नाव आत गेल्याची खात्री केली आणि चादरी भरल्या. शिवणीचे दोरे लोंबणारी ती पिशवी घेऊन ती सगळीकडे फिरायची. आमच्या गल्लीतल्या बायकाही त्याच दुकानात जायच्या. महिन्याभरात त्यांच्याही पिशव्या उलट्या झाल्या.

त्या दुकानात पिशवीचे पैसे अजून घेतात. नाव मात्र आता आतूनही छापतात.