राक्षसाला सलामी

गडहिंग्लजच्या एसटीत माझ्या शेजारी एक दणकट पैलवान बसले होते. कान कुस्तीत मोडलेले, मांडीवर जुना लॅपटॉप. त्यावर कुण्या हौशी माणसानं घरी बसून बनवलेला जुनाट गेम चालला होता. तलवारवाला वीर गावोगाव हिंडून ताकद कमावतो आणि शेवटी राक्षसाला भिडतो.

राक्षस समोर आला की पैलवान बटण दाबून वीराला खाली बसवायचे. तेवढ्यात राक्षस घाव घालायचा आणि वीर आडवा. पुन्हा लढाई, पुन्हा तेच. असलं मला बघवत नाही.

"अहो, बसवता कशाला? सरळ मारा की!"

"माती न शिवता कुस्ती हुती व्हय पावणं? सलामी नको?"

"पण राक्षस कुठं सलामी देतोय?"

"त्येचा काय दोष? बनवणाऱ्यानं शिकवलंच न्हाय बिचाऱ्याला."

कागल मागं पडलं आणि एकदाचा वीर घाव खाऊनही उठला. मागचे प्रवासी उभे राहिले, कंडक्टर तिकिटं विसरला. राक्षस कोसळला तेव्हा अख्ख्या एसटीत शिट्ट्या झाल्या.

इकडे बॅटरी संपत आलेली. "आधी सेव्ह करा!" मी ओरडलो. पण त्यांनी वीराला पडलेल्या राक्षसापाशी नेऊन पुन्हा खाली बसवलं, आणि लॅपटॉप बंद पडला. जिंकलेली लढाई गेली. मी कपाळावर हात मारला.

त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढच्या सीटवर आदळलो.

"बरं झालं की पावणं! उद्या परत राक्षसासंगं जोड लागंल!"