आरशामागचा सेन्सर

वालीव गावात गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस आहे. रुसलेल्या लेकीशी बोलावं तसा तो गाडीशी बोलतो, "बोल ना गं, काय झालं?"

आजारपणानंतर माझ्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. स्टीअरिंगजवळची वायपरची दांडी हलवता येईना, म्हणून मी जुनी गाडी विकायला काढली.

"विकता कशाला मॅडम?" तो म्हणाला. "सेन्सर बसवू. पाऊस आला की वायपर आपोआप चालंल, अंधारलं की दिवे लागतील."

आरशामागे काचेला सेन्सर चिकटवून त्याने लॅपटॉप जोडला. गाडीला नव्या भागाची ओळख पटवायचं ते कोडिंग पुन्हापुन्हा फसलं. सेन्सरच खराब निघाला. तो तडक उठला आणि बाहेर उभ्या स्वतःच्या गाडीतला काढून घेऊन आला.

"अहो, तुमच्या गाडीचं काय?"

"मला हात हायेत ना!" तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मला मात्र हसूच फुटलं.

या वेळी कोडिंग झालं. त्याने टोपीने सेन्सर झाकला. दिवे लागले! मग पाइपाने काचेवर पाणी मारलं. माझे दोन्ही हात मांडीवर, आणि वायपर सपकन फिरला!

"जमलं, मॅडम! अजून पानी मारू?"

"मारा!" मी आतून ओरडले.