कपाचं चित्र आणि न मोजलेली मेंढरं

श्रीपतराव मास्तरांनी मंगळवारी सकाळी नऊ वाजता मेंढपाळ संघाच्या कंप्युटरमधून चहाचा कप काढून टाकला.

कप म्हणजे चित्र. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी तो रोज उगवायचा. चांगला वाफाळलेला. थोड्या वेळाने त्यातून एक पिवळा फुगा निघायचा आणि इंग्रजीत काहीतरी विनवणी करायचा. पित्तामुळे मास्तरांचा चहा बंद होऊन सहा महिने झाले होते, आणि घरात चहापत्तीचा डबा कुठे आहे हे त्यांच्या पत्नी कमलबाई देवालासुद्धा सांगत नव्हत्या. अशा माणसापुढे पशुसंवर्धन खात्याने दिलेल्या यंत्राने दिवसभर वाफाळता कप धरून उभं राहावं, हे मास्तरांना बरं वाटलं नाही. गुलबर्ग्याच्या कुठल्यातरी हॉटेलवाल्याने आपली जाहिरात आत घुसवली असणार, असं त्यांनी ठरवलं.

काढायचं कसं, हे त्यांना येत होतं. यंत्र बसवायला आलेला माणूस त्यात पत्त्यांचा डाव ठेवून गेला होता. तो महिन्यापूर्वी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने, रेणूने, त्यांच्या डोळ्यांदेखत काढला होता. मास्तरांनी तीच वाट धरली, यादीत कप शोधला आणि बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं यंत्राने इंग्रजीत विचारलं. बत्तीस वर्षं शाळाखात्यात काढून आता संघाचा सेक्रेटरी झालेल्या माणसाला इंग्रजीतून आलेल्या प्रश्नाला 'यस' एवढं एकच उत्तर ठाऊक असतं. कप गेला. मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना उगाचच चहा प्यावासा वाटला.

साडेनऊला रेणू आली. तिने आपल्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर आलेला मजकूर वाचला. पुन्हा टिचकी मारली. मग कोपऱ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, हितला कप कुठं गेला?"

"काढला," मास्तर म्हणाले. "जाहिरात होती."

रेणू काही बोलली नाही. ती रागावली की बोलत नसे, आणि खूश झाली तरी बोलत नसे, त्यामुळे मास्तरांना अंदाज येईना.

त्या दिवशी, म्हणजे दोन हजार आठ सालच्या त्या मंगळवारी, अकरा वाजता सीमेवरच्या खजुरी गावच्या संघाची बैठक होती. रेणूने मेंढरांचं दफ्तर कंप्युटरवर केलं होतं. कुठलं मेंढरू कुणाचं, कुणाला लस टोचली, कुणाला राहिली, सगळं त्यात होतं. ते पाहायला आळंदहून जनावरांचे डॉक्टर शिवय्या येणार होते. डॉक्टरांना आणि मेंढपाळांना, दोघांनाही पसंत पडलं तर संघ रेणूला कामावर ठेवणार होता. नाही पडलं तर शुक्रवारच्या गाडीने ती पुण्याला, थोरल्या भावाकडे. या भावाने, अनिलकुमारने, तिथे एका कंपनीत टायपिंगचं काम बघून ठेवलं होतं. पद्माबाईंनी, म्हणजे रेणूच्या आईने, लेकीची पिशवी भरून दाराआड ठेवली होती.

"पुण्यात काय वाईट है?" मास्तरांनी तिला एकदा विचारलं होतं.

"वाईट कायबी न्हाई," रेणू म्हणाली होती. "पर तिथं मला दुसऱ्याचं टाइप करायला लागतंय. हे माझं है."

एवढं लांब ती एरवी बोलत नसे.

रेणू ही मेंढपाळ मायाप्पाची धाकटी लेक. तिचा जन्म झाला तेव्हा मायाप्पाची मेंढरं उमरग्याकडच्या एका शेतात खतासाठी बसवली होती, आणि तारीख-वार कुणाच्या लक्षात नव्हता. शाळेत घालताना मास्तरांनी तिची जन्मतारीख एक जून लिहिली. खजुरीच्या निम्म्या गावाची तारीख मास्तरांनी एक जूनच लिहिली होती. सातवीपर्यंत ती त्यांच्या हाताखाली मराठीत शिकली, पुढे आळंदला कन्नडमध्ये आणि मग गुलबर्ग्याच्या पॉलिटेक्निकला इंग्रजीत. बाजारात भाव करताना दखनी उर्दू. मास्तरांच्या मते एवढ्या भाषा येणाऱ्या मुलीने निदान एका भाषेत तरी भरपूर बोलायला हवं होतं.

गुलबर्ग्यात स्टेशनच्या रस्त्यावर एका जिन्यावरच्या क्लासात ती जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली. एकदा लिहा आणि कुठल्याही यंत्रावर चालवा, असं तिथल्या भिंतीवर रंगवलं होतं. रेणूने ते अक्षरशः खरं धरलं, कारण तिच्याकडे एकही यंत्र नव्हतं. तिने मेंढरांचं दफ्तर पॉलिटेक्निकच्या लिनक्सवर लिहिलं, क्लासातल्या विंडोजवर तपासलं, आणि संघाच्या यंत्रावर आणून चालवलं. सगळीकडे चालायचं. एका ठिकाणी अक्षरं मोठी, दुसरीकडे बटणं तिरकी, एवढाच फरक.

अनिलकुमारने आपला जुना मोबाईल तिला दिला तेव्हा मात्र तिची पंचाईत झाली. मोबाईलमध्येही जावा होतं, पण अंगाने लहान. खिडक्या नाहीत, तक्ते नाहीत. मराठी अक्षरं टाकली की नुसते चौकोन उमटायचे. रेणूने आतलं डोकं तसंच ठेवलं आणि वरचं तोंड नव्याने लिहिलं. त्याला तीन महिने लागले. गावात ते तिने अजून बाहेर काढलं नव्हतं. मास्तरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "एवढ्याशा पडद्यावर काय दिसतंय? खेळणं है ते."

"जावा काढलं म्हणजे झालं तरी काय?" कप ही जावाचीच खूण आहे हे रेणूकडून कळल्यावर मास्तरांनी घाबरत विचारलं.

"डाक्टर कन्नड बोलतात, अप्पाला मराठी येतंय. दोघांच्या मधी कोण बसतंय?"

"मी," मास्तर अभिमानाने म्हणाले. गेली कित्येक वर्षं हा दुभाष्याचा मान त्यांचाच होता.

"तसं माझ्या प्रोग्रामच्या आणि यंत्राच्या मधी ते बसतंय. तुमी त्येलाच हाकललं."

मास्तरांना आपणच आपल्याला हाकलल्यासारखं वाटलं. परत आणता येईल का? येईल. पण त्याची सीडी गुलबर्ग्याला क्लासात होती. तिथे जाऊन येईतो दुपार टळली असती. आळंदच्या नेटकॅफेतून उतरवून घ्यावं, तर फोन करून कळलं की सकाळपासून तिथे वीज नाही. घड्याळात दहा वाजून गेले होते.

रेणूने कंप्युटर बंद केला, ओढणीच्या टोकाने मोबाईलचा पडदा पुसला आणि ती ओसरीवर जाऊन बसली.

अकराला माणसं जमली. खांद्यावर कंबळी, म्हणजे घोंगडी, घेतलेला मायाप्पा आला, संघाचे चेअरमन काशप्पा आले, आणखी दहा-बारा जण आले. तपासायला म्हणून कुणीतरी दोन मेंढ्याही आणल्या. डॉक्टर शिवय्या मोटारसायकलवरून आले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले.

"गुरुजी, पडदा कुठं है?" काशप्पांनी विचारलं.

मास्तर उठले. त्यांनी भाषण तयार केलं होतं, पण त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"आज ह्येच्यावर दाखवते, अण्णा," रेणू म्हणाली आणि तिने मोबाईल आपल्या बापाच्या हातात दिला.

मायाप्पाने तो आधी उलटा धरला. सुलटा केल्यावर त्याला एका मेंढीचं तोंड दिसलं, आणि दोन कान. अक्षर एकही नाही. मोबाईलला मराठी येत नव्हती आणि मायाप्पाला वाचता येत नव्हतं. रेणूने तीन महिने बसून दोघांनाही येणारी लिपी शोधली होती. खजुरीच्या मेंढपाळांत प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली असते. कुणाचा डाव्या कानाच्या टोकाला काप, कुणाचं उजव्याला भोक, कुणाचं दोन्हीकडे. ही खूण माणसं आपल्या सहीसारखी ओळखतात. सही न येणारी जरा जास्तच.

"बटण दाबा, अप्पा. हे डाव्या कानाचं."

मायाप्पाने दाबलं. चित्रातल्या कानाला काप पडला. त्याने बोट झटकन मागे घेतलं, जणू खरोखरच कापलं. मग समोरच्या मेंढीकडे पाहत त्याने एकेक खूण केली. डावा कान, टोकाला काप, उजव्याला भोक, तोंड काळं, कपाळावर पांढरा ठिपका. पडद्यावर तीच मेंढी उभी राहिली, शेजारी एक बारीक सुई.

"सुई कामून?"

"हिला टोचलंय."

"व्हय की," मायाप्पा म्हणाला. "गौरीच्या आधी टोचली. लई वरडली." दुसऱ्या मेंढीच्या खुणा त्याने न विचारता केल्या. "ही काशप्पाची. हिला सुई न्हाई. काशप्पा, तू त्या दिवशी मेंढरं घिऊन पळाला हुतास बघ."

लोक हसले. काशप्पांनी मोबाईल मागून घेतला, आपली मेंढी पाहिली आणि तो पुढच्याला दिला. मोबाईल हातोहात फिरू लागला. मास्तरांना थोडं बरं वाटलं. ते डॉक्टरांना कन्नडमध्ये सगळं समजावू लागले, पण डॉक्टरांना चित्रं त्यांच्याआधीच कळली होती.

"एल्ला सरी," सगळं ठीक आहे अशी मान हलवत डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "टोटल एष्टु?"

एकूण किती? यात दुभाष्याची गरज नव्हती. मायाप्पाने कंबळी झटकली आणि तो उठून उभा राहिला.

मेंढरं मोजायची नाहीत, ओळखायची, ही त्या घरांची रीत. संध्याकाळी कळप परत आला की मायाप्पा नुसता नजर फिरवायचा आणि कोण आलं नाही ते सांगायचा. कुणी आकडा उच्चारला की तो लांडग्याला ऐकू जातो, असं त्याचं म्हणणं. आदल्या वर्षी पशुगणनेचा माणूस आला, तेव्हा सगळे कळप तीन दिवस माळाच्या पलीकडे नेऊन ठेवले होते आणि तो माणूस गावातल्या कोंबड्या मोजून गेला. मास्तर या गोष्टीला अडाणीपणा म्हणत, पण लांडग्याबद्दल त्यांच्याकडे उलट पुरावा नव्हता.

आता मायाप्पा गेला की त्याच्या मागे बाकीचे जाणार, आणि शुक्रवारी रेणू जाणार, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, पण रेणू आधी बोलली.

"डाक्टर, तुमाला मेंढरं पायजेत का बाटल्या?"

डॉक्टरांनी मोडक्या मराठीत उत्तर दिलं. "हं? बाटली. पुढच्या लसीला बाटली मागवायला पायजे."

"एक बाटली शंभर मेंढरांची न्हवं?"

"हौदु. होय."

रेणूने एकच बटण दाबलं आणि मोबाईल डॉक्टरांपुढे धरला. पडद्यावर बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पाच गळ्यापर्यंत भरलेल्या. सहावीच्या तळाशी अर्ध्याहून थोडी कमी लस. डॉक्टरांनी बोट ठेवून बाटल्या मोजल्या आणि कागदावर सहा लिहिलं. मेंढरांचा आकडा त्यांनी मनात काढला असेल, पण मनातला आकडा लांडग्याला ऐकू जात नसावा.

उभ्या उभ्याच मायाप्पाने वाकून पाहिलं. "ह्यात मेंढरं कुठं हैत?"

"ह्यात न्हाईत, अप्पा. बाटल्या हैत."

"बाटल्या मोज की," मायाप्पा म्हणाला. "बाटली काय चरायला जाती?" आणि तो खाली बसला. बसताना कंबळी नीट घडी करून त्याने मांडीखाली घेतली, म्हणजे तो आता लवकर उठणार नव्हता.

काशप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही म्हणेना. "पोरगीला हितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माझ्याबी मोबाईलात घाल ग, रेणू. ह्यो चालतोय का बघ." त्यांचा मोबाईल वेगळ्या कंपनीचा होता. रेणूने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. भिंतीवर रंगवलेल्या त्या वाक्यावरचा तिचा विश्वास एव्हाना बराच कमी झाला होता. "आठ दिवस द्या," ती म्हणाली.

पद्माबाईंनी त्या संध्याकाळी पिशवी रिकामी केली. अनिलकुमारला फोन गेला. तो थोडा रागावला आणि मग त्याने मोबाईल परत मागितला. तो मिळणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

गुरुवारी रेणूने गुलबर्ग्याहून सीडी आणली. घड्याळाशेजारी कप पुन्हा उगवला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहून घेतलं, पण हात मागे बांधून ठेवले. रेणूने प्रोग्राम उघडला. मोठ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत तक्ता भरला.

तक्त्याचा पहिला रकाना होता अनुक्रमांकाचा. शेवटच्या ओळीसमोर ठळक अक्षरांत पाचशे त्रेचाळीस. हा रकाना रेणूला नको होता. तिने दोनदा तसं सांगितलं होतं, म्हणजे तिच्या हिशेबाने आरडाओरडाच केला होता. पण तक्ता म्हटला की अनुक्रमांक पाहिजेच, असं सेक्रेटरी या नात्याने मास्तरांनी तिला बजावलं होतं आणि उभं राहून तो घालून घेतला होता. मंगळवारी हा पडदा चालू असता, तर मायाप्पाला वाचता येत नसलं तरी काशप्पांना येत होतं, आणि काशप्पांनी तो आकडा मोठ्याने वाचला असता.

रेणू मुकाट्याने तो रकाना काढत होती. मास्तर तिच्या मागे येरझारा घालू लागले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे बघ, रेणू, मी त्या दिवशी तो कप काढला न्हसता, तर हे सगळ्यांना दिसलं असतं."

"व्हय."

"समदे उठून गेले असते."

"व्हय."

"आणि तू आज पुण्याची वाट धरायच्या तयारीत असतीस." मास्तर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाबासक्या पुष्कळ वाटल्या होत्या, आज एक घ्यायची होती. "मग खरं सांग, माझा उपयोग झाला का न्हाई?"

रेणूने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

"झाला गुरुजी, पर पुन्यांदा करू नगा."